देवस्थळी काकांची चंदेरी गाडी आणि माझं गुलाबी पत्रक

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये श्री. अरविंद देवस्थळी (वय एकाहत्तर, निवृत्त ड्राफ्ट्समन, दुसरा मजला) यांच्यावर भर लोकांत घोर अन्याय झाला. अन्याय करणारी व्यक्ती मी.

वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण ती मीच घड्याळात बघून लिहून घेतली होती. आमच्या ग्राहक गटात पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिला धडा हाच असतो: कोणावर अन्याय झाला आणि कधी, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे. मी पाच वर्षं पत्रकं लिहितेय. वजनात मारणारे, वॉरंटी नाकारणारे, छापील किमतीवर स्टिकर चिकटवणारे, सगळ्यांना सोलून काढलंय आणि भांडुप स्टेशनबाहेर उभं राहून ती पत्रकं स्वतःच्या हातांनी वाटलीयत. (लोक घेतात, चार पावलं चालतात आणि घडी करतात. पुढच्या आठवड्यात मला त्याच पत्रकात भजी बांधून मिळतात. तक्रार नाही. तेलाने अक्षरं ठळक होतात.)

त्यातलं सर्वात गाजलेलं पत्रक गुलाबी कागदावरचं. मथळा: 'ऑनलाइन जाहिरातीवरून जुनी गाडी घेताय? थांबा!' पुढच्या बाजूला खरेदीदारांसाठी नियम. मागची बाजू कोरी राहत होती, आणि कोरा कागद मला बघवत नाही, म्हणून आठवड्याभराने तिथे विक्रेत्यांसाठीही नियम लिहिले. दोन्ही बाजू एकदा सलग वाचून बघाव्यात, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आता आम्हाला गाडी कशाला हवी होती ते सांगते. माझी सुमनआत्या. बाबांची थोरली बहीण, आमच्याच घरी असते. कुडाळजवळच्या आमच्या गावी गणपतीच्या डोक्यावर जी माटवी टांगतात, म्हणजे लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली फळं, फुलं, पानं, ती आत्या गेली चाळीसेक वर्षं बांधत आली आहे. कुठलं फळ कुठे, कुठली गाठ कशी, हे सगळं तिच्या बोटांत. मागच्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि तिला जाता आलं नाही. माटवी चुलतभावाने बांधली आणि आत्याने ती व्हिडिओ कॉलवर बघितली. आरती चालू असताना एक कवंडळाचं लाल फळ सुटून नेमकं उंदरावर पडलं. आत्याने फोन उलटा करून ठेवला आणि दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही.

डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, पण पाय लांब सोडून, आणि तासातासाला उतरून. रेल्वेतून तासातासाला उतरलं तर गाडी पुढे जाते. तेव्हा बाबांनी जाहीर केलं की यंदा आक्का (म्हणजे आत्या) पुढच्या सीटवर बसून, पाय पसरून गावी जाणार, आणि गाडी ते स्वतः चालवणार. बाबांनी मुंबईत तीस वर्षं बस चालवली आहे, त्यामुळे चालवण्याची चिंता नव्हती. नवी गाडी परवडणार नव्हती. गणपती पाच-सहा आठवड्यांवर आले होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गुलाबी पत्रकाची लेखिका घरातच होती.

मी जाहिराती बघायला लागले आणि सुखावले. केवढं साहित्य! एकजण स्वतःला फौजी म्हणवत होता, त्याची गाडी म्हणे विमानतळावर उभी होती (का, ते विचारायचं नाही) आणि आगाऊ रक्कम भरली की घरपोच येणार होती. एकाने बाबांना 'पैसे मिळवण्यासाठी' पिन टाकायला सांगितला होता. बाबांचं बोट मी हवेत धरलं. एका गाडीचे फोटो चार वेगवेगळ्या मालकांनी टाकले होते, आणि चौघेही बदली झाल्यामुळे तातडीने विकत होते. मी सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढून वहीत चिकटवत होते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वही भरली, गाडी नव्हती.

आत्या वही चाळून म्हणाली, "गो बाय, तू गाडी शोधतंस काय चोर शोधतंस?"

आणि मग देवस्थळी काकांची जाहिरात दिसली. चंदेरी हॅचबॅक. एकच मालक. सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या तारखेनुसार. गाडीचे अकरा फोटो, त्यातला एक खालून काढलेला. विकण्याचं कारण: 'डोळ्यांच्या डॉक्टरांनी चालवायला मनाई केली आहे.' आणि शेवटी एक ओळ: 'या गाडीत कोणी कधी वडापाव खाल्लेला नाही.'

माझ्या पत्रकातला नियम तिसरा: जाहिरात फारच चांगली असेल तर ती जाहिरात नाही, गळ आहे.

तरीही फोन केला. पलीकडून शांत, सावकाश आवाज आला. त्यांनी गाडीबद्दल एक अक्षर न बोलता आधी माझं पूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्र मागितलं. (नियम चौथा: गाडी दाखवण्याआधीच ओळखपत्र मागणाऱ्यापासून सावध.) मग व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवायला सांगितलं. मग म्हणाले, दिवसाउजेडी या, सोबत घरची माणसं आणा, आणि मूळ कागद तुमची खात्री पटेपर्यंत मी खाली आणणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मी फोन ठेवला आणि घरच्यांना सांगितलं, "याला सगळे नियम पाठ आहेत. सराईत आहे."

बाबा म्हणाले, सराईत तर सराईत, रविवारी जाऊन बघू. आत्या म्हणाली, ती पण येणार, कारण बसून-उठून तिलाच बघायचंय. मी बजावलं की गाडी कितीही आवडली तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. दोघांनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर बाबांच्या पिशवीत हात घातला तर आत नारळ होता.

"हे काय आहे?"

"नारळ," बाबा म्हणाले.

देवस्थळी काका गेटपाशी उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, चष्म्याची काच जाड. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये आमची नावं आली, भेटीचं कारण 'गाडी खरेदी'. मग त्यांनी आमची ओळखपत्रं मागितली. मी म्हटलं, आधी तुमचं. ते म्हणाले, नाही, आधी तुमचं. मी म्हटलं, ग्राहक आम्ही आहोत. ते म्हणाले, अनोळखी पण तुम्हीच आहात. असं बराच वेळ चाललं. शेवटी एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदमच आपापली कार्डं बॉनेटवर टाकली, पत्त्यांच्या डावासारखी. आत्या कठड्यावर टेकून बघत होती. तिने विचारलं, "उतारी कोणाची?"

बाबांनी इंजिन चालू करून डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. मग फेरी मारायला निघालो. आत्या पुढे, पाय लांब करून, मागे मी आणि देवस्थळी काका, मध्ये फाइल. बाबांनी ती एवढीशी गाडी गेटमधून अशी ऐसपैस वळवली, जणू मागे अजून पंचवीस सीट आहेत. गाडी लोण्यासारखी चालत होती. फक्त प्रत्येक बसस्टॉपशी ती आपोआप डावीकडे सरकून हळू व्हायची. एका स्टॉपवर तर पूर्ण थांबली. एक बाई दोन पावलं पुढे आल्या.

"आपण कोणासाठी थांबलोय?" देवस्थळी काकांनी विचारलं.

"सवय हो," बाबा म्हणाले, आणि त्या बाईंची हात करून माफी मागितली.

परत आल्यावर देवस्थळी काका फाइल आवरत होते, तेव्हा जे झालं ते फक्त मी आणि बाबांनी बघितलं. आत्याने दार उघडलं, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि उठली. कोणाचा हात न धरता. वर्षभरात पहिल्यांदा. टपावर दोनदा थोपटलं, गोठ्यातल्या गाईला थोपटतात तसं. चेहऱ्यावर दाखवायचं नाही हा माझा नियम बाबांनी तिथल्या तिथे मोडला, रुमाल काढून.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण नियम सातवा बाकी होता. बॉनेट उघडलं की आतल्या पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा उठतो, आणि तो आरसीवरच्या नंबराशी ताडून बघायचा. चोरीची गाडी असली तर इथे पकडली जाते. देवस्थळी काकांना मी हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला (हे मला फारच संशयास्पद वाटलं). त्यांनी बॉनेट उघडून दिलं आणि मूळ आरसी आणायला वर गेले. माझ्याकडे पेन होतं, पेन्सिल नव्हती. ती मागायला मी वॉचमनच्या केबिनकडे गेले.

मी गेल्यावर बाबांनी नारळ बाहेर काढला. गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे देवाला उभ्याने, मोठ्याने, सगळं तपशीलवार सांगून साकडं घालतात ते. पण गाडीचा जबडा असा उघडा ठेवून देवासमोर उभं करणं त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांनी बॉनेट बंद केलं, आणि आत्याला घेऊन पार्किंगच्या पलीकडच्या टोकाच्या नळावर नारळ धुवायला गेले.

इथे एक गोष्ट मला माहीत नव्हती. त्या सोसायटीत चौघांनी मिळून, एकाच दिवशी, एकाच शोरूममधून, एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या चार गाड्या घेतल्या होत्या. चौघांनी एकदम घेतल्या तर घसघशीत सवलत, आणि चंदेरी रंगावर आणखी थोडी. चारही गाड्या ओळीने उभ्या होत्या. पहिली देवस्थळींची. तिसरी तिसऱ्या मजल्यावरच्या मराठे काकांची. मराठे काका वायपरच्या टाकीत पाणी भरत होते. बाटली संपली म्हणून ते दुसरी आणायला वर गेले होते. बॉनेट उघडं ठेवून.

मी पेन्सिल घेऊन मागच्या बाजूने आले, उघड्या बॉनेटची चंदेरी गाडी बघितली आणि आत डोकं घातलं. तुम्ही म्हणाल, नंबरप्लेट बघायची ना. नाही बघितली. कारण नियम सहावा, माझ्याच हातचा, ठळक अक्षरांत: नंबरप्लेटवर विसंबू नका, ती कोणीही बदलू शकतो.

ठसा सुरेख उठला. देवस्थळी काका आरसी घेऊन थेट उघड्या बॉनेटकडे आले, त्यांच्या डोळ्यांना चारही गाड्या सारख्याच. मी नंबर ताडायला लागले. सुरुवातीची सगळी अक्षरं जुळली. मधले आकडे जुळले. शेवटचे दोन जुळले नाहीत.

(एकाच दिवशी, एकाच शोरूममधून. आता कळतंय. तेव्हा मला एवढंच कळलं की एका बनेल म्हाताऱ्याने हातोडी घेऊन नेमके दोन आकडे बदलले आहेत.)

मी घड्याळ बघितलं. अकरा वीस. वेळ लिहिली. आणि मग भांडुप स्टेशनबाहेर, फलाटावरची घोषणा चालू असताना जो आवाज लावावा लागतो, तो लावला. म्हटलं, नागरिकांनो, तुमच्या सोसायटीत चोरीची गाडी विकली जात आहे. खिडक्या उघडल्या. मी नेहमी पन्नास पत्रकं जवळ बाळगते. जे खाली आले त्यांच्या हातात दिली, उरलेली जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका उत्साही काकूंकडे दिली, त्यांनी ती दोन मिनिटांत चारही मजल्यांवर पोचवली. अशी कार्यकर्ती आमच्या गटात एकही नाही.

देवस्थळी काका हातात आरसी धरून उभे होते. "पण गाडी माझीच आहे हो," एवढंच म्हणाले. मग कोणीतरी पुढे केलेलं पत्रक त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, बराच वेळ. आणि आपल्या फाइलमधून तसंच एक काढलं. गुलाबी. लॅमिनेट केलेलं. मागची बाजू वर, आणि तिथला प्रत्येक नियम लाल पेन्सिलीने अधोरेखित: 'गाडी दाखवण्याआधी ओळखपत्र मागा.' 'चेहरा व्हिडिओवर बघून घ्या.' 'मूळ कागद हाताशी ठेवू नका.'

"हे तुम्ही लिहिलंत?" ते म्हणाले. "मी सगळं यावरूनच करत होतो."

माणूस इथे लाजेने मरतो. पण माझ्या हातात ठसा होता, आणि नंबर खोटं बोलत नसतो, असं मी म्हणालेसुद्धा. तेवढ्यात माझ्या मागून बाबांचा आवाज आला. ते आणि आत्या नळावरून पलीकडच्या बाजूने परतले होते, चपला काढून पहिल्या गाडीसमोर उभे होते, आणि इकडच्या गलक्याचा पत्ताच नव्हता. बाबा एकदा गाऱ्हाण्यात शिरले की शेजारी रोड रोलर गेला तरी त्यांना ऐकू येत नाही.

"बा देवा म्हाराजा, ही गाडी आज तुझ्या समोर उभी केलेली आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आत्या.

"माझ्या भयणीचे गुडघे सांभाळून तिका माटयेपर्यंत पोचव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आत्या, आणि आता वॉचमनही. (तो सावंतवाडीचा निघाला.)

"आणि जो कोण मधी आडवो येत आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेल्यांतले निम्मे.

मी ओरडले, "बाबा, ती दुसऱ्याची गाडी आहे. आपली ही."

बाबांनी नारळ हातात धरून मान वळवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या शेजारच्या उघड्या बॉनेटकडे बघितलं. "गो, मी आत्ताच ही चालवन हाडलंय," ते म्हणाले. "तू खंयच्या गाडीत डोक्या घातलंस?"

आणि मराठे काका पाण्याची बाटली घेऊन जिन्यातून बाहेर आले. "काय झालं? माझ्या गाडीला काय झालं?"

नारळ मात्र बाबांनी फोडला. गाऱ्हाणं अर्धं सोडत नाहीत.

देवस्थळी काकांनी आरसी फाइलमध्ये ठेवली, फाइलची नाडी बांधली, दोनदा. "मी एकतीस वर्षं इथे राहतो," ते म्हणाले. "मला इथे कोणी कधी चोर म्हटलं नव्हतं. गाडी विकायची नाही मला." आवाज अजूनही शांतच होता, तेच जास्त लागलं. आत्या हळूहळू कठड्याकडे गेली आणि बसली. या वेळी कठडा धरून. बाबा माझ्याकडे न बघता वाकून नारळाचे तुकडे गोळा करायला लागले.

मला भाषण येतं, माफी येत नाही. आमच्या गटात ती शिकवत नाहीत. पण वाटलेली पत्रकं परत गोळा करता येतात, एवढं मला कळलं. मी जिना चढले. प्रत्येक दाराची बेल दाबली आणि म्हटलं, मघाचं पत्रक परत द्या, देवस्थळी काकांची गाडी त्यांचीच आहे, मी भलत्याच गाडीत बघितलं. पहिल्या मजल्यावर एका आजोबांनी विचारलं, मग चोर कोण? म्हटलं, कोणी नाही. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या मजल्यावर पत्रकावर कोथिंबीर निवडायला घेतली होती, ती पूर्ण होईपर्यंत मी बसले, थोडी निवडलीही. तिसऱ्या मजल्यावर मराठे काकूंनी हातात सरबत दिलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, कारण त्यांच्या बहिणीला फोनवर ऐकायचं होतं. चौथ्या मजल्यावरच्या त्या उत्साही काकू म्हणाल्या, आता हेही सगळ्यांना मीच सांगते, तू दमू नको. एकूण एक्केचाळीस पत्रकं परत मिळाली.

खाली आले तेव्हा तिघं चंदेरी गाडीभोवती उभे राहून खोबरं खात होते. म्हणजे बाबा आणि देवस्थळी काका उभे होते. आत्या पुढच्या सीटवर, दार उघडं, पाय बाहेर. ती देवस्थळी काकांना माटवी समजावून सांगत होती, आणि ते फाइलच्या पाठीवर तिचं चित्र काढत होते, बाजूला मापं टाकून. कवंडळ पडलं ती गाठ नेमकी कुठली, यावर त्यांचा वेगळा तांत्रिक मुद्दा होता.

मला बघून ते थांबले. वरून बेलचे आवाज ऐकू येत होते म्हणाले, सगळे. मग म्हणाले, गाडी देतो. कारण एक, तुमचे वडील बस चालवत नसतानाही स्टॉपवर थांबतात, अशा माणसाच्या हातात गाडी द्यायला हरकत नाही. कारण दोन, या बाईंना जायला हवं. पण एक अट आहे. त्यांनी लॅमिनेट केलेलं पत्रक माझ्यापुढे धरलं. पुढच्या बाजूचा चौथा नियम आणि मागच्या बाजूचा पहिला, दोन्ही एकाच वेळी पाळणारे दोघेजण एकमेकांना चोरच वाटणार. पत्रक पुन्हा लिहायचं, आणि ते त्यांच्यासमोर बसून.

मी सवयीने किमतीचा विषय काढायला तोंड उघडलं. बाबांनी ते बंद केलं. देवाला सांगून झाल्यावर घासाघीस करत नाहीत म्हणाले.

पुढच्या तीन रविवारी मी मुलुंडला जात होते. पेन्सिल त्यांच्याकडे. आरटीओचे कागद करायला ते स्वतः आमच्याबरोबर आले आणि प्रत्येक खिडकीपाशी माझ्यापेक्षा एक कागद जास्त काढत होते. आत्या गणपतीला गेली, पाय पसरून, प्रत्येक तासाला उतरून (बाबा तसेही थांबतच होते). यंदा माटवीवरून काही पडलं नाही. तिने देवस्थळी काकांना गावचं गोड खाजं पाठवलं आणि माटवीचा फोटो. त्यांनी तो फाइलला लावलाय.

नवं पत्रक पिवळं आहे आणि एकाच बाजूला छापलेलं. पैसे आगाऊ देऊ नका, पिन टाकू नका, उजेडात जा, घरची माणसं न्या, कागद ताडून बघा, सगळं आहेच. पण पहिला नियम देवस्थळी काकांचा: समोरचाही घाबरलेला असू शकतो, आधी नमस्कार करा. आणि दुसरा नियम, तोही त्यांचाच, मी फक्त मुकाट्याने लिहून घेतला: नंबर तपासण्याआधी गाडी कोणती ते तपासा.

तेव्हा वाचकहो, आता तुमच्याकडे एकच मागणी. पन्नासातली नऊ गुलाबी पत्रकं अजून बाहेर आहेत. तुमच्या घरात, पुस्तकात, डब्याच्या तळाशी, कुठेही एखादं सापडलं तर ते आजच्या आज फाडून टाका. टाळाटाळ खपवून घेतली जाणार नाही.

फक्त फाडण्याआधी एकदा नीट बघून घ्या, ते माझंच आहे ना.